सुट्टीसाठी एकच पुस्तक

विजयालक्ष्मीबाईंचा पानिपतवर राग होता. इतिहासातल्या पानिपतावर नव्हे. तो राग सगळ्या मराठी माणसांचा मिळून असतो आणि त्याने कुणाची झोप उडत नाही. बाईंचा राग अगदी खासगी होता. त्याचं वय साडेतीन वर्षं, म्हणजे नातू यतीन जेवढा तेवढंच. पानिपतात यतीनची नानी राहायची.

नानीचं नाव संतोष. तिकडे हे नाव बायकांचंही असतं, हे लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा इकडे कुणाला ठाऊक नव्हतं. बाईंचे यजमान गुणवंतराव पहिल्याच फोनवर "संतोषजी से बात कराइए" म्हणाले, आणि "जी, बोल रही हूँ" असा बाईचा आवाज आला तरी "नहीं नहीं, उन्हीं को दीजिए" म्हणून अडून बसले. त्यावर पलीकडे जे खदाखदा हसणं झालं, ते विजयालक्ष्मीबाईंच्या कानात अजून होतं. हसण्यासारखं एवढं काय होतं त्यात?

विहीणबाईंचा चादरी-ब्लँकेटांचा धंदा. दर भेटीला गाठोडं घेऊन यायच्या. दिल्लीतल्या मयूर विहारच्या दोन खोल्यांत माणसं दोन आणि ब्लँकेटं अकरा झाली होती. पण ब्लँकेटांचं दुःख नव्हतं. दुःख हे, की विहीणबाई दारात दिसल्या की यतीन हातातला लाडू टाकून धावायचा. आजीने केलेला बेसनाचा लाडू. त्या लाडवाचा भुगा झाला तरी याला पर्वा नाही, आणि त्या बाईच्या ओढणीत तोंड खुपसून "नानी, नानी" चालू. आजी दारात दिसली की मात्र "आजी आली" एवढीच बातमी द्यायचा, पोस्टमन आल्यासारखी.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?" बाईंनी एकदा यजमानांना विचारलं.

"वाटतं ना. पण पानिपतात आपण आधीच एकदा हरलोय, आता सवय झालीय," गुणवंतराव म्हणाले. बाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

या वर्षी मात्र बाईंनी ठरवलंच होतं. यतीनच्या प्लेस्कूलला दिवाळीत आठ दिवस सुट्टी. त्याचे आईबाबा, शिवांगी आणि सुधन्वा, दोघंही नोएडात नोकरीला. दिवाळीचे दोन दिवस सोडले तर ऑफिस चालू. गेली दोन वर्षं पोरगं पानिपतला जात होतं, कारण आजी स्वतःच केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. पण जुलैमध्ये आजी रिटायर झाली. आता कसलं कारण? बाईंनी मुलाला फोन करून सांगितलं, यतीन आठ दिवस माझ्याकडे.

"आई, यार, माझं काहीच म्हणणं नाही," सुधन्वा म्हणाला. "पण शिवांगीच्या मम्मीजींनीही विचारलंय. तो जिथे रमेल तिथे राहू दे ना. शनिवारी त्या येतायत, तू आहेसच. त्यालाच विचारू."

साडेतीन वर्षांच्या पोराला विचारणार! म्हणजे निकाल आधीच लागलेला. बाईंनी फोन ठेवला आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेली बाई नुसती चडफडत बसत नाही. ती नियम शोधते, आणि सापडला नाही तर करते.

सोसायटीच्या तळमजल्यावर मराठी मंडळाचं वाचनालय होतं. एक हॉल, चार कपाटं. रिटायर झाल्यावर बालविभागाचं कपाट बाईंनी आपणहून घेतलं. त्यात सगळ्यात मागणी खिडक्यांच्या पुस्तकांना. म्हणजे जाड पुठ्ठ्याची ती पुस्तकं, ज्यांच्या पानावर पुठ्ठ्याची छोटी छोटी झाकणं असतात. झाकण उचललं की आत कुणीतरी लपलेलं. मंडळातली मुलं त्यांना खिडक्यांची पुस्तकं म्हणत. खिडक्या फार फाटतात, म्हणून बाईंनी आल्या आल्या दोन नियम केले होते. सुट्टीआधी सगळी पुस्तकं परत यायची, आणि सुट्टीसाठी दर मुलाला खिडक्यांचं एकच पुस्तक मिळणार.

यतीनचं एकच पुस्तक कुठलं असणार, हे जगाला माहीत होतं. कासवाचं. पाच पानं, पाच खिडक्या. दारामागे कुत्रा, कपाटात अस्वल, पडद्याआड माकड, टोपलीत कोंबडी आणि पलंगाखाली कासव. कोपरे चघळलेले, माकडाची खिडकी दोनदा चिकटवलेली. उन्हाळ्यात विहीणबाई पंधरा दिवस नोएडाला राहिल्या होत्या, तेव्हा एका संध्याकाळी इथेच, याच हॉलमध्ये, त्यांनी ते यतीनला वाचून दाखवलं होतं. वाचलं कुठे, तमाशाच केला होता. प्रत्येक खिडकीपाशी थांबायचं, कपाळाला हात लावायचा, "हाय राम, इसमें कौन होगा? मुझे तो डर लग रहा है" म्हणायचं, आणि कासव निघालं की खुर्चीतून पडायच्या बेतात यायचं. हे एकदा नाही, ओळीने अकरा वेळा. अकराव्यांदाही तेवढंच आश्चर्य. ही बाई मंद आहे की काय, असं विजयालक्ष्मीबाईंना तेव्हा खरोखर वाटलं होतं. अहो, पाच मिनिटांपूर्वी कासवच होतं तिथे!

तेव्हापासून यतीन त्याला "नानीवालं पुस्तक" म्हणायचा. पुस्तक मंडळाचं, कपाट आजीचं, शिक्का आजीच्या हातचा, आणि नाव नानीचं.

तर बाईंनी दिवाळीसाठी नवीन पुस्तकं निवडली ती याच हिशेबाने. कॅटलॉग घेऊन तीन दुपारी बसल्या. शेवटी पुण्याहून एक भलंमोठं मागवलं: किल्ल्याचं पुस्तक, चौसष्ट खिडक्यांचं. बुरूज, दरवाजे, घोड्यांच्या पागा, धान्याची कोठारं, प्रत्येकात काही ना काही. पाचाला चौसष्ट! आणि मग कमिटीच्या मीटिंगमध्ये चहाबरोबर त्यांनी तिसरा नियम मंजूर करून घेतला. नवीन पुस्तकं सुट्टीत दिल्लीबाहेर नेता येणार नाहीत. कुणीच हरकत घेतली नाही. सगळे बिचारे सरकारी नोकर, नियम म्हटला की मान आपोआप हलते. किल्ला हवा असेल तर यतीनला मयूर विहारात राहावं लागणार होतं.

शनिवारी वाचनालय चारला उघडायचं. बाई साडेतीनलाच किल्ली घेऊन खाली उतरल्या. त्यांनी बारा पुस्तकं टेबलावर मांडली, किल्ला मधोमध उभा केला. कडेला कासव. ते चघळलेलं, चिकटवलेलं पुस्तक नव्या कोऱ्या पुस्तकांमध्ये अगदीच केविलवाणं दिसत होतं, तरी बाईंना त्याच्याकडे बघवेना. यतीन आत येईल, चौसष्ट खिडक्या ओलांडून याच्यावर झडप घालील आणि त्याच्यामागून त्या बाईवर. हे डोळ्यांसमोर आलं आणि बाईंच्या पोटात अक्षरशः दुखलं.

हॉलमध्ये कुणी नव्हतं. बाईंनी पुस्तक उचललं. भिंतीशी खालच्या फळीवर जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे होते. सुतळीने बांधलेले, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले. एका गठ्ठ्याची सुतळी सोडून बाईंनी कासव अंकांच्या मधे सरकवलं आणि सुतळी पुन्हा करकचून बांधली. फायली बांधून बांधून हात तयार होता. चौतीस वर्षांत त्यांनी एक कागद इकडचा तिकडे केला नव्हता. मग वर जाऊन त्या घटाघटा पाणी प्यायल्या आणि दहा मिनिटं पंख्याखाली बसून राहिल्या.

खाली आल्या तर विहीणबाई हॉलमध्ये हजर. पानिपतहून परस्पर इकडेच आल्या होत्या. सलवार-कमीझ, पायांत स्पोर्ट्स शूज, शेजारी गाठोडं.

"नमस्ते बहनजी! दरवाज़ा खुला था, तो मैं बैठ गई."

"बिल्कुल, बिल्कुल, आपका ही घर है," बाई म्हणाल्या. चोराच्या मनात चांदणं. त्यांची नजर पहिल्यांदा गठ्ठ्यांकडे गेली. गठ्ठे जागच्या जागी होते.

चारला शिवांगी यतीनला सोडून गेली. सुधन्वा ऑफिसमधून सहाला येणार होता आणि तो आल्यावर यतीनला विचारायचं होतं. यतीन अपेक्षेप्रमाणे आधी नानीच्या ओढणीत शिरला. बाईंनी किल्ला टेबलावर पुढे ओढला. मग म्हणाल्या, "यतीन, बघ आजीने काय आणलंय. किल्ला!"

किल्ला त्याला आवडला. खरंच आवडला. तो टेबलाशी आला, दोन्ही हात किल्ल्यावर ठेवले आणि पहिल्या बुरुजाची खिडकी चाचपू लागला. बाईंना वाटलं, जिंकलो. त्या शेजारी बसल्या.

"हां, तर हा बुरूज. यात तोफ आहे. उघड. बघ, तोफ. आता ही पागा. पागा म्हणजे घोडे बांधतात ती जागा. यात घोडा आहे. उघड. घोडा. इकडे कोठार. कोठारात धान्य असतं. अरे, थांब, आधी हे, मग ते."

यतीनने सात खिडक्या उघडल्या. आठवीला त्याने आजीकडे पाहिलं आणि विचारलं, "यात काय?"

"यात पालखी."

त्याने खिडकी उघडलीच नाही. आत पालखी आहे हे कळलंच होतं. तो खुर्चीवरून उतरला आणि म्हणाला, "कछुआ कुठेय?"

"कासव म्हण," बाई म्हणाल्या. "कासव इथे नाही आज."

"कुठे गेलं?"

खालचा ओठ पुढे आला. हा ओठ बाईंना ठाऊक होता. दोन मिनिटांत भोकाड. पण त्याआधीच विहीणबाईंनी खुर्ची मागे सरकवली.

"हाय राम! कछुआ भाग गया? यतीन, पलंग के नीचे बैठ बैठ के थक गया होगा बेचारा. कहाँ गया होगा?" त्यांनी टेबलावरचं एक पुस्तक उचललं आणि खाली डोकावलं. "इधर तो नहीं है."

यतीनने ओठ आत घेतला. त्याने दुसरं पुस्तक उचललं. "इधर भी नहीं!" मग पडदा उचलला, खुर्चीवरची उशी उचलली. क्षणभरात अख्खा हॉल म्हणजे एक खिडक्यांचं पुस्तक झाला. विजयालक्ष्मीबाई जळफळत बघत राहिल्या. पुस्तक लपवलं आपण, आणि खेळ मांडला तिने! या बाईला कशातूनही खेळ काढता येतो आणि आपल्याला चौसष्ट खिडक्यांतूनही येत नाही. देवाने एकीलाच का एवढं द्यावं?

तेवढ्यात विहीणबाई वळल्या. "बहनजी, वाचनालय तो आपका है. आपको पता है कछुआ कहाँ है?"

यतीनही वळला.

आयुष्यात बाईंना प्रश्न विचारला आणि त्यांच्याकडे उत्तर नाही, असं कधी झालं नव्हतं. ऑफिसात तर साहेब फाईल न वाचता त्यांनाच विचारायचे. आणि आज उत्तर जिभेवर होतं, खालची फळी, डावीकडून तिसरा गठ्ठा, आणि ते देता येत नव्हतं.

"मला..." त्या म्हणाल्या, "मला नाही माहीत."

"आजीला नाही माहीत?" यतीनचे डोळे मोठे झाले.

"नाही रे. खरंच नाही."

आजीला माहीत नाही! असं कधी झालं नव्हतं. पागा म्हणजे काय ते माहीत असलेली, चांदोबा किती लांब ते माहीत असलेली आजी, आणि तिला कासव कुठेय ते माहीत नाही. यतीनने येऊन बाईंचं बोट धरलं. आपणहून. "चल आजी, मी दाखवतो कसं शोधायचं," म्हणाला.

बाई गेल्या. न जाऊन करतात काय? त्याने कपाटाचं दार दाखवलं, त्यांनी उघडलं. "इथे असेल?" त्यांनी विचारलं. नसणारच होतं. "नाहीये!" यतीन आनंदाने ओरडला. त्यांनी टेबलाचा खण उघडला, रजिस्टरं उचलली, कोपऱ्यातली केराची बादलीसुद्धा पालथी घातली. "इथे असेल? मग इथे?" प्रत्येक वेळी पोरगं हसून लोळायचं. बाईंचे गुडघे दुखत होते, पण त्या टेबलाखाली शिरल्या. शिरताना त्यांच्या लक्षात आलं की आपण हसतोय. आपण चोर आहोत हेही त्या मधे मधे विसरत होत्या.

मग यतीन गठ्ठ्यांपाशी गेला.

"तिथे नसेल रे, तिथे धूळ आहे," बाई घाईने म्हणाल्या. म्हटल्यावर तर त्याला तिथेच बघायचं होतं. पहिला गठ्ठा, दुसरा गठ्ठा. तिसऱ्याची सुतळी त्याने ओढली आणि ती सुटली. एवढी करकचून बांधलेली सुतळी एवढ्याशा बोटांनी सुटली! दिवाळी अंक भसाभसा घसरले आणि मधून कासव बाहेर आलं.

"अगंबाई!" विजयालक्ष्मीबाई किंचाळल्या. ते किंचाळणं अस्सल होतं. आता हे इथे कसं आलं म्हणून कुणी विचारलं तर?

यतीनने विचारलं नाही. तो हसता हसता जमिनीवर आडवा झाला. "आजी घाबरली! आजी कछुआला घाबरली!" मग उठून त्याने हुकूम सोडला, "डोळे मीट. मी लपवतो. तू शोध."

सहा वाजेपर्यंत कासव चार वेळा पळालं. चारही वेळा बाईंना ते कुठे आहे ते ठाऊक होतं, कारण लपवणारा स्वतः त्या जागेकडेच बघत उभा राहायचा. चारही वेळा बाईंनी आधी भलतीकडे शोधलं. मधे बाकीची मुलं येऊन आपापली पुस्तकं घेऊन गेली. किल्ला दुसऱ्या मजल्यावरच्या केतकीने नेला, आणि बाईंनी शिक्का मारून तो दिलाही.

सुधन्वा आला. लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच ठेवून तो यतीनसमोर उकिडवा बसला. "बोलो साहेब. सुट्टीत कुठे राहायचं? पानिपत की आजीकडे?"

विजयालक्ष्मीबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"आजीकडे," यतीन म्हणाला.

"अच्छा? का रे?"

"आजीला ना, काहीच माहीत नाही," यतीनने कौतुकाने सांगितलं.

बाईंना तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. पण त्यांनी आधी विहीणबाईंकडे पाहिलं. साडेतीन वर्षं जे आपल्या पोटात दुखलं, ते एकदा तरी त्या चेहऱ्यावर बघायचं होतं. निदान एखादी आठी. विहीणबाई गाठोडं सोडून यतीनसाठी आणलेलं छोटं ब्लँकेट काढत होत्या. चेहरा नेहमीसारखाच, गोल आणि हसरा. बाईंचा जरा विरसच झाला.

गाडीपर्यंत सोडायला मात्र त्या गेल्या. जिंकलेल्याने तेवढं करायचं असतं. "फिर आइए दिवाली पर," त्या मोठ्या मनाने म्हणाल्या.

"आऊँगी, आऊँगी." ड्रायव्हरने दार उघडलं. विहीणबाईंनी आत बसता बसता त्यांचा हात हातात घेतला आणि आवाज खाली आणला. "बहनजी, एक बात कहूँ, बुरा मत मानना. रस्सी आपने बहुत कसके बाँध दी थी. मैं दरवाज़े पर ही खड़ी थी. आप ऊपर गईं तो मैंने ज़रा ढीली कर दी. बच्चे की उँगलियाँ छोटी हैं, उससे खुलती नहीं."

कुणी थोबाडीत दिली असती तर बरं, असं बाईंना झालं.

"मेरे पास तो घर में पाँच बच्चे हैं, रौनक रहती है," विहीणबाई म्हणाल्या. "आपके पास तो ये एक ही है." त्यांनी हात थोपटला, काच वर गेली, आणि गाडी गेटमधून बाहेर पडली.

विजयालक्ष्मीबाई तिथेच उभ्या राहिल्या. भांडली असती तर उत्तर होतं. चहाडी केली असती, तर जन्मभर पुरेल एवढा राग मिळाला असता. पण हिने दया केली. नातू जिंकून दिला तोही हिनेच, आणि वर हे कुणाला सांगायची सोयही ठेवली नाही.

वरच्या गॅलरीतून गुणवंतराव ओरडले, "काय झालं? कोण जिंकलं?"

"आपण," बाई म्हणाल्या, आणि जिना चढू लागल्या.

यतीन आठ दिवस राहिला. रोज कासव पळालं, रोज आजीला ते सापडेना, आणि रोज ती "हाय राम" म्हणून खुर्चीतून पडायच्या बेतात आली. पोरगं इतकं रमलं की पानिपतचा फोन आला तरी दोन मिनिटांत ठेवून द्यायचं. बाईंना हवं होतं ते सगळं मिळालं. आणि आठही दिवस, यतीनला मांडीवर घेऊन, त्या विहीणबाईंवर आधी कधी जळल्या नव्हत्या इतक्या जळत राहिल्या.